फॉन्टमध्ये चलनचिन्ह घातल्यावरही डबा का दिसतो? दोष शोधण्याची रीत

स्वतः तयार केलेल्या किंवा गरजेप्रमाणे बदललेल्या फॉन्टमध्ये ₹, €, ₺ यांसारखे चलनचिन्ह घालायचे, ते मन लावून रेखाटायचे, फाइल निर्यात करून संगणकावर बसवायची, आणि पहिल्याच नमुन्यात त्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोनी डबा यावा, हा अनुभव फॉन्टचे काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतोच. डबा आला तर निदान दोष उघड तरी होतो. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे चिन्ह दिसते, पण शेजारच्या आकड्यांपेक्षा बारीक आणि परक्या वळणाचे दिसते. किंवा आपल्या संगणकावर बरोबर दिसते आणि दुसऱ्याच्या संगणकावर दिसत नाही. किंवा एकदा दुरुस्त केलेले चिन्ह फॉन्टची पुढची आवृत्ती काढताच पुन्हा नाहीसे होते.

हा दोष वारंवार उद्भवण्यामागे बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो, असे माझे मत झाले आहे. चिन्हाचा आकार आणि चिन्हाचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकार फॉन्टच्या फाइलीत कोठेही असू शकतो. मजकुरातील कोणत्या संकेतांकासाठी, म्हणजे युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीने अक्षराला दिलेल्या क्रमांकासाठी, तो आकार उचलायचा, हे मात्र फाइलीतील सीमॅप नावाची सारणी ठरवते. दोष बहुधा पत्त्यात किंवा त्या पत्त्यापर्यंतच्या वाटेत असतो, आणि आपण आकारच पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसतो. म्हणून खालील तपासणी पत्त्यापासून सुरू केली आहे, आकाराकडे नंतर वळलो आहे. युनिकोडचे संकेतांक येथे देवनागरीत लिहिले आहेत. सॉफ्टवेअरच्या चौकटीत ते रोमन अक्षरांत आणि आकड्यांत टाकावेत, म्हणजे २०बी९ मधील ‘बी’ हे तेथे रोमन अक्षर असेल.

दिसणारे चिन्ह नेमके कोणत्या फॉन्टमधले?

मागितलेल्या संकेतांकाचा आकार निवडलेल्या फॉन्टमध्ये सापडला नाही, तर ब्राउझर आणि बहुतेक लेखनप्रणाली गुपचूप दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून तो आकार आणून दाखवतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे, पण फॉन्ट करणाऱ्याची तिच्यामुळे दिशाभूल होते, कारण आपले चिन्ह चालले असे वाटते आणि प्रत्यक्षात ते फॉन्टमधून उचललेच गेलेले नसते.

हिशेबाच्या तक्त्यांसाठी मी एक जाड वळणाचा फॉन्ट करत होतो, तेव्हा याच सोयीने मला दोन दिवस फसवले. ₹ छापून येत होते, पण ‘१’च्या शेजारी ते अशक्त दिसत होते. मी फॉन्टमध्ये परत जाऊन त्याच्या रेषा जाड केल्या, पुन्हा निर्यात केली, तरी छापील चिन्हात तसूभरही फरक पडला नाही. शेवटी पडद्यावर तो मजकूर खूप मोठा करून पाहिला, तेव्हा वरच्या आडव्या रेषेचे टोक तिरके कापलेले दिसले. मी ते टोक सरळ कापले होते. म्हणजे दोन दिवस मी ज्या चिन्हाकडे पाहत होतो ते माझे नव्हतेच.

तेव्हापासून मी एक साधी युक्ती पाळतो. चिन्हाच्या जागी आपले आरेखन तात्पुरते बाजूला ठेवून एक भरीव काळा त्रिकोण ठेवायचा आणि फॉन्ट निर्यात करायचा. मजकुरात त्रिकोण उमटला तर पत्ता बरोबर आहे आणि जो काही दोष असेल तो आकारात आहे. त्रिकोण उमटला नाही तर आकाराला हात लावण्याचे काही कारण नाही. तपासणी संपल्यावर त्रिकोण काढून मूळ आरेखन परत ठेवण्याची नोंद मात्र लगेच करून ठेवावी. ब्राउझरमध्ये एवढेही करावे लागत नाही: क्रोमच्या डेव्हलपर साधनांत ‘कम्प्युटेड’ या पट्टीच्या तळाशी प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टची नावे येतात, आणि फायरफॉक्समध्ये त्यासाठी ‘फॉन्ट्स’ ही स्वतंत्र पट्टी आहे. तेथे आपल्या फॉन्टसोबत दुसरे एखादे नाव दिसले, तर चिन्ह बाहेरून आले आहे असे समजावे.

याच टप्प्यावर मजकुरातील अक्षरही तपासावे, कारण कधी कधी फॉन्ट निर्दोष असतो आणि टंकलेले चिन्हच वेगळे असते. वर्डमध्ये संकेतांक टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की त्या संकेतांकाचे अक्षर उमटते, आणि अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून त्याच कळा दाबल्या की त्याचा संकेतांक कळतो. ₹ म्हणून जे दिसत आहे ते खरोखर २०बी९ आहे का, हे यातून क्षणात स्पष्ट होते.

नावाने होणारा घोटाळा

माझ्या फॉन्टमधील दोष अखेरीस ग्लिफच्या, म्हणजे फॉन्टमधील एकेका आकाराच्या, नावात सापडला, आणि हा प्रकार इतका सर्रास घडतो की त्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. फॉन्ट तयार करण्याची अनेक साधने ग्लिफच्या नावावरून त्याचा संकेतांक ठरवतात, आणि त्यासाठी अॅडोबच्या जुन्या ग्लिफ-यादीचा आधार घेतात. त्या यादीत ‘रुपी’ हे नाव २०ए८ या संकेतांकाचे आहे. तो संकेतांक ₨ या जुन्या, दोन रोमन अक्षरे जोडून केलेल्या चिन्हाचा आहे. भारत सरकारने ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोड ६.० मध्ये त्याला २०बी९ हा संकेतांक मिळाला. यादी त्याच्या कितीतरी आधीची असल्याने तिच्यात हे चिन्ह असणे शक्यच नव्हते. मी ग्लिफला विश्वासाने ‘रुपी’ असे नाव दिले, साधनाने त्याला इमानेइतबारे २०ए८ हा पत्ता दिला, आणि माझे सुंदर जाड ₹ भलत्याच घरात जाऊन बसले.

लिराचेही तसेच आहे. यादीतील ‘लिरा’ हे नाव २०ए४ म्हणजे ₤ या चिन्हाकडे जाते, तर तुर्की लिराचे ₺ हे चिन्ह २०१२ मध्ये युनिकोड ६.२ मध्ये २०बीए या संकेतांकावर आले. पौंडाचे £ हे चिन्ह ००ए३ वर असते. ते ₤ शी इतके मिळतेजुळते आहे की नुसत्या नजरेने खाना निवडणारा सहज चुकतो. युरोच्या बाबतीत संकेतांक २०एसी आहे आणि रूढ नावाचे पहिले अक्षर मोठे आहे; ते लहान लिहिले तर नावावरून पत्ता लावणाऱ्या काही साधनांना ते ओळखता येत नाही. रूबलचे ₽ २०बीडी वर (युनिकोड ७.०, २०१४), जॉर्जियाच्या लारीचे ₾ २०बीई वर (युनिकोड ८.०, २०१५) आणि बिटकॉइनचे ₿ २०बीएफ वर (युनिकोड १०.०, २०१७) आहे. चलनचिन्हांचा हा सगळा पट्टा २०ए० पासून २०सीएफ पर्यंत पसरला आहे. डॉलर, सेंट, पौंड आणि येन यांसारखी काही चिन्हे मात्र त्याच्या बाहेर, आरंभीच्या लॅटिन पट्ट्यांत राहतात.

यावरचा उपाय सोपा आहे. नाव वर्णनात्मक ठेवण्याचा मोह टाळून ‘युनि’ या उपसर्गापुढे चार अंकी संकेतांक, म्हणजे ‘युनि२०बी९’ अशा धर्तीचे नाव रोमन लिपीत द्यावे. या नावाचा अर्थ कोणत्याही साधनाला एकाच प्रकारे लावता येतो. ग्लिफ्स या साधनाची स्वतःची नावे आहेत आणि त्यात भारतीय रुपया व तुर्की लिरा यांना जुन्या चिन्हांपासून वेगळी ठेवणारी नावे आहेत, त्यामुळे तेथे काम करणाऱ्याने त्याच्या यादीतूनच ग्लिफ निवडून घालावा. फॉन्टफोर्ज या दुसऱ्या साधनात ग्लिफच्या माहितीच्या चौकटीत संकेतांकाचा स्वतंत्र रकाना असतो. तो स्वतः भरावा आणि नाव त्या संकेतांकावरून बनवून घ्यावे. उलट दिशेने गेले, म्हणजे नावावरून संकेतांक बनवून घेतला, की वर सांगितलेला घोटाळा होतो.

फॉन्टफोर्जमध्ये आणखी एक अडचण येते. फॉन्टची मांडणी एखाद्या जुन्या, २५६ खान्यांच्या संकेतपद्धतीत असेल तर २०बी९ चा खाना पडद्यावर दिसतच नाही, आणि मग माणूस शेवटच्या एखाद्या मोकळ्या खान्यात चिन्ह काढतो. अशा खान्याला संकेतांक नसतो, म्हणून आकार फाइलीत राहूनही कधीच उमटत नाही. एन्कोडिंगच्या मेनूतून रीएन्कोड करून आयएसओ १०६४६-१, म्हणजे युनिकोडचा मूळ पट्टा, निवडला की सर्व खाने दिसू लागतात आणि मग योग्य खान्यात जाता येते.

काही जण मुद्दाम दुसऱ्याच अक्षराच्या घरात चिन्ह बसवतात. ₹ नवे होते तेव्हा कळफलकावरील उलट्या स्वल्पविरामासारख्या खुणेच्या जागी ते बसवलेले फॉन्ट सर्वत्र फिरत होते, कारण ती कळ फारशी कोणी वापरत नाही. तेव्हा ती तात्पुरती गरज होती, हे मान्य. आज तसे करणे चूक आहे, आणि हे मी आग्रहाने सांगतो: असा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये गेला की रकमेपुढचे चलन नाहीसे होऊन तेथे ती निरर्थक खूण उरते, ₹ शोधले तर सापडत नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला ती रक्कम कोणत्या चलनात आहे हे कळत नाही. खासगी वापराच्या पट्ट्यात, म्हणजे ई००० ते एफ८एफएफ या खान्यांत, चिन्ह ठेवल्यानेही हेच होते.

पत्ता खरोखर बसला आहे याची शेवटची खात्री निर्यात झालेल्या फाइलीवरूनच करावी. फॉन्टटूल्समधील टीटीएक्स हे साधन फॉन्ट उलगडून वाचता येईल अशा मजकुरात देते. त्यात सीमॅपच्या भागात २०बी९ शोधले की त्यापुढे आपल्या ग्लिफचे नाव दिसले पाहिजे. सीमॅपच्या अनेक उपसारण्या असतात आणि विंडोजसाठी ३ क्रमांकाच्या प्लॅटफॉर्मखालची, १ क्रमांकाच्या एन्कोडिंगची उपसारणी महत्त्वाची असते. तेथे एन्कोडिंग ० दिसले तर फॉन्ट ‘सिंबॉल’ प्रकारचा म्हणून निर्यात झाला आहे, आणि मग युनिकोडचे पत्ते त्याला लागू होणार नाहीत. याच फाइलीत ओएस/२ सारणीतील युनिकोड-व्याप्तीचा ३३ क्रमांकाचा बिट चलनचिन्हांसाठी राखलेला असतो. काही प्रणाली त्या बिटाकडे पाहून फॉन्टमध्ये चलनचिन्हे आहेत की नाहीत हे ठरवतात, म्हणून तो चालू ठेवावा.

फाइल बरोबर असूनही चिन्ह दिसत नसेल तर

आता वाटेतील दोष. संगणक फॉन्टची माहिती साठवून ठेवतो आणि त्याच नावाची नवी फाइल आली तरी काही वेळा जुनीच माहिती वापरत राहतो. लिनक्सवर एफसी-कॅश ही आज्ञा चालवून हा साठा ताजा करता येतो. इतरत्र जुना फॉन्ट काढून, संगणक पुन्हा सुरू करून, मग नवा बसवणे हे सर्वांत खात्रीचे. चाचणीच्या काळात मी प्रत्येक निर्यातीला कुटुंबनामापुढे क्रमांक जोडतो, त्यामुळे कोणती फाइल वापरली जात आहे याविषयी शंकाच उरत नाही. दुसऱ्याच्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये चिन्ह घातले असेल तर नाव बदलणे बंधनकारकही असू शकते, कारण सिल ओपन फॉन्ट लायसन्समध्ये मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असल्यास बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही.

ठळक मजकुरातच चिन्ह बिघडत असेल तर उत्तर बहुधा समोरच असते: साध्या वजनाच्या फाइलीत चिन्ह घातले आणि ठळक, तिरक्या व ठळक-तिरक्या फाइली तशाच राहिल्या. चार फाइली असतील तर काम चार वेळा करावे लागते.

देवनागरी फॉन्टच्या बाबतीत लेखनप्रणालीतील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्ड आणि लिब्रेऑफिस यांत रोमन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिप्यांसाठी दुसरा, असे फॉन्टचे दोन खाने असतात. चलनचिन्ह कोणत्याही एका लिपीचे नसून सर्वसामान्य गटात मोडते, त्यामुळे ते पहिल्या खान्यातील फॉन्ट घेऊ शकते आणि आपला फॉन्ट दुसऱ्या खान्यात बसलेला असतो. दोन्ही खान्यांत आपलाच फॉन्ट निवडून पाहिला की हे लगेच उलगडते.

संकेतस्थळावर दोष येत असेल तर उपसंच तपासावा. वेग वाढावा म्हणून वेबफॉन्टमधून न लागणारी अक्षरे गाळली जातात, आणि प्रचलित ‘लॅटिन’ उपसंचांत € ठेवलेले असते, पण ₹, ₺, ₽ ही चिन्हे विस्तारित लॅटिनच्या फाइलीत टाकलेली असतात. परिणामी युरो नीट दिसतो आणि रुपया परका दिसतो, आणि त्यावरून रुपयाचे आरेखन बिघडले आहे असा निष्कर्ष काढला जातो. सीएसएसमधील, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या फाइलीतील, युनिकोड-रेंज या ओळीत आपला संकेतांक नसेल तर फाइलीत चिन्ह असूनही ब्राउझर त्यासाठी ती फाइल वापरणार नाही. म्हणून उपसंचाची यादी आणि ही ओळ दोन्हींत संकेतांक जोडावा आणि फाइलीचे नावही बदलावे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत वापरली जाणार नाही.

आकारातील दोष

त्रिकोण उमटला आणि चिन्ह तरीही वाईट दिसले, तर दोष खरोखर आकारात आहे. त्यात सर्वांत ठळक म्हणजे रेषा जेथे एकमेकींवरून जातात तेथे पांढरी भोके पडणे. ₹ च्या आडव्या रेषा आणि वळण वेगवेगळ्या बाह्यरेषांनी काढले आणि त्यांपैकी एकीची दिशा उलटी राहिली, तर त्या एकमेकींना छेद देतात तेवढा भाग पोकळ मानला जातो. ट्रूटाइप प्रकारच्या बाह्यरेषांमध्ये बाहेरची रेषा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि पोस्टस्क्रिप्ट बाह्यरेषांमध्ये त्याच्या उलट जाते; साधनातील दिशा सुधारण्याची आज्ञा देऊन मग छेद एकत्र करण्याची आज्ञा द्यावी.

डॉलरची उभी रेषा वर किंवा खाली कापली जात असेल तर ती फॉन्टच्या उभ्या मापांच्या बाहेर गेली आहे. विंडोजवरील काही प्रणाली विन-असेंट आणि विन-डिसेंट या मापांपलीकडचा भाग दाखवतच नाहीत. मापे वाढवली तर ओळींमधील अंतर बदलू शकते, म्हणून मी रेषाच थोडी आखूड करणे पसंत करतो.

देवनागरी फॉन्टमध्ये ₹ काढताना ‘र’ ची नक्कल करून सुरुवात करण्याचा मोह होतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण डी. उदय कुमार यांनी केलेल्या या चिन्हात देवनागरी ‘र’ आणि उभा दंड काढलेला रोमन ‘आर’ यांचा मेळ आहे. पण ‘र’ ची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेला भिडावी म्हणून दोन्ही बाजूंची मोकळी जागा शून्य किंवा शून्याहून कमी ठेवलेली असते. ती तशीच राहिली की ‘₹५००’ मध्ये वरची रेषा पाचाच्या माथ्याला जाऊन चिकटते. म्हणून नक्कल केल्यावर बाजूंची जागा नव्याने ठरवावी, रेषेची टोके आकड्यापासून सोडवावीत आणि चिन्हाची उंची शिरोरेषेशी न जुळवता आकड्यांशी जुळवावी. फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन आकड्यांची उंची वेगळी असेल तर ज्या आकड्यांसोबत चिन्ह जास्त वापरले जाणार त्यांना प्राधान्य द्यावे; दोहोंच्या मधली उंची घेतली की ते कोणाशीच जुळत नाही.

जाड वजनात आडव्या रेषांचे हाल होतात. ₹ मध्ये दोन आडव्या रेषा आणि खाली वळणाचा परतणारा भाग एवढे सगळे एकाच उंचीत मावायचे असते, आणि € मध्येही दोन पट्ट्या वक्र भागाला छेदतात. फॉन्टची नेहमीची जाडी तशीच लावली तर छोट्या आकारात मधल्या फटी बुजून काळा ठिपका उरतो. पट्ट्या आकड्यांच्या आडव्या रेषांपेक्षा थोड्या बारीक कराव्यात आणि ९ ते १० पॉइंटच्या छापील नमुन्यावर फटी उघड्या राहतात का हे पाहावे. पडद्यावर मोठ्या केलेल्या आकाराने हा निर्णय होत नाही.

तक्त्यांसाठीच्या फॉन्टमध्ये सर्व आकड्यांची रुंदी सारखी असते, आणि चलनचिन्हालाही तीच रुंदी द्यावी, म्हणजे रकाने सरळ राहतात. म्हणून € काढताना मोठ्या ‘सी’ ची रुंदी जशीच्या तशी घेऊ नये. ती आकड्यांपेक्षा बहुधा जास्त असते. जोड्यांमधील अंतर सुधारण्यासाठी कर्निंग घातले आणि ते देवनागरी आकड्यांशेजारी लागू झाले नाही, तर ते नियम फक्त लॅटिन लिपीखाली नोंदले गेले असण्याची शक्यता आहे. चिन्ह शेजारच्या मजकुराची लिपी घेते, त्यामुळे देवनागरी मजकुरात लॅटिनखालचे नियम पाहिलेच जात नाहीत. ते मूलभूत, लॅटिन आणि देवनागरी या तिन्ही लिपी-खुणांखाली नोंदवावेत.

पुढच्या आवृत्तीत चिन्ह पुन्हा गेले तर

घाईच्या वेळी आपण निर्यात झालेली फाइल उघडतो, तिच्यातच चिन्ह घालतो आणि पाठवून देतो. मूळ आराखड्याची फाइल तशीच राहते. महिन्याभराने एखाद्या जोडाक्षराची दुरुस्ती करून मूळ फाइलीतून नवी आवृत्ती काढली की चिन्ह पुन्हा नाहीसे, आणि जणू नवा दोष आला अशा थाटात सगळा शोध पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून चिन्ह नेहमी मूळ फाइलीत घालावे, निर्यातीसाठी किंवा उपसंचासाठी अक्षरांची वेगळी यादी वापरत असल्यास संकेतांक तेथेही त्याच वेळी लिहावा, आणि मूळ फाइलीशेजारी एक छोटी मजकूर-फाइल ठेवावी, जिच्यात फॉन्टमधील प्रत्येक चलनचिन्ह शून्यापासून नऊपर्यंतच्या देवनागरी आणि रोमन आकड्यांसह एकेका ओळीत असेल. प्रत्येक आवृत्ती बाहेर देण्यापूर्वी ती फाइल चारही वजनांत, शक्यतो जेथे दुसरा कोणताही फॉन्ट त्या चिन्हाची उणीव भरून काढणार नाही अशा संगणकावर, उघडून ओळ न् ओळ पाहावी.